सलगमचं पाणी

जी गोष्ट मी आजवर कुणालाही सांगितलेली नाही, घरातही नाही, ती आधीच सांगून टाकतो. नाहीतर सवयीप्रमाणे इकडचं तिकडचं लिहीत बसेन आणि नेमकी तीच राहून जाईल. गुडगावच्या काकूंच्या डाव्या पायाची दोन बोटं कापावी लागली, ती माझ्यामुळे. मी त्यांना एक उपाय सांगितला होता आणि त्यांनी तो मनापासून केला, कारण त्यांच्या समजुतीप्रमाणे मी डॉक्टर होतो. मी डॉक्टर नव्हतो. आर. के. पुरममधल्या एका सरकारी कार्यालयात निवृत्त लोकांची औषधांची बिलं तपासणारा कारकून होतो.

आता नीट सांगतो.

विदर्भातल्या एका तालुक्याच्या गावाहून मी दिल्लीला आलो तो मोठ्या परीक्षेसाठी. तीनदा बसलो, तीनदा राहिलो, मग जी नोकरी लागली ती धरली. काही वर्षं सरोजिनी नगरात दोघातिघांबरोबर एका खोलीत काढली. लग्न झाल्यावर गाझियाबादला हप्त्यावर फ्लॅट घेतला. तो काळच तसा होता. दिल्लीच्या चारी बाजूंना शेतं विकली जात होती आणि त्यांत इमारती उगवत होत्या. बाल्कनीत उभं राहिलं की समोर मोहरीची पिवळी पट्टी, तिच्या पलीकडे क्रेन. शेजारी सगळे भले लोक, पण मराठी कानावर पडायचं ते फक्त बायकोचं. पुढं मुलगी बोलायला लागली, पण तिनं हिंदीतूनच सुरुवात केली.

नोएडाच्या एका कंपनीत कॉम्प्युटरवर काम करणारा एक मराठी मुलगा होता. त्यानं ई-मेलचा एक ग्रुप काढला. एकानं लिहिलं की सगळ्यांना पोचायचं. मराठी, पण इंग्रजी अक्षरांत. माझ्याकडे ऑफिसात एक मशीन आलं होतं आणि घरी पुढं हप्त्यावर दुसरं. मोडेम किरकिरत जोडला जायचा तेव्हा बायको म्हणायची, "लागली तुमची चक्की."

ग्रुपवर नावानं कुणी कुणाला हाक मारत नसे. ज्याचं जे उपनगर तेच त्याचं नाव. नोएडावाले, फरिदाबादचे आजोबा, गुडगावच्या काकू. आणि एक रीत होती. तिला हजेरी म्हणायचे. सकाळी प्रत्येकानं तीन गोष्टी लिहायच्या: हवा कशी, डब्यात काय, आणि कुठं दुखतंय. तिसरी गोष्ट टाळली तर कुणीतरी हटकून विचारायचं, "का हो, आज काहीच दुखत नाही? तब्येत बरी आहे ना?"

नोएडावाले लिहायचे, "लाइट नाही. जनरेटरच्या धुरानं घसा बसलाय. डब्यात पोहे, पण इथल्यासारखे शेव घातलेले. माफी असावी."

आजोबा लिहायचे, "धुकं. दूधवाला दिसत नाही, फक्त ऐकू येतो. खोकला चालू."

आणि काकू. त्या मूळच्या सांगलीकडच्या. यजमान गेल्यावर मुलगा त्यांना गुडगावच्या उंच इमारतीत घेऊन आला होता. मुलगा-सून दोघं परदेशी कंपन्यांत, सकाळी आठला घराबाहेर. काकू एका बोटानं टाइप करायच्या, पण काय लिहायच्या! "लिफ्ट बंद. घरात मी आणि बाल्कनीत कबुतरं. गुडघे म्हणताहेत, कबुतरांचं बरं आहे." दुसऱ्या दिवशी: "सूनबाईंनी पास्ता केला. मी त्यात फोडणी घातली. दोघींचं आज बोलणं कमी आहे." त्यांची हजेरी आली नाही तर दिवस अळणी वाटायचा. मला तरी वाटायचा.

मी डॉक्टर कसा झालो ते सांगतो. फरिदाबादच्या आजोबांना नव्या माणसाला एक प्रश्न विचारायची खोड होती. "मूळ गाव कुठलं? आडनाव काय म्हणालात?" मी गाव सांगितलं. आडनाव सांगायचं टाळलं. त्यांनी पुन्हा विचारलं, मी पुन्हा टाळलं. आम्ही बौद्ध. सांगायची लाज कधीच नव्हती, घरात बाबासाहेबांचा फोटो दारातून दिसेल असा लावलेला आहे. पण आडनावानंतर समोरच्याच्या आवाजात जो एक बारीकसा बदल होतो, तो मी गावापासून दिल्लीपर्यंत ऐकत आलो होतो. निदान इथं तो ऐकायचा नव्हता.

आजोबांचा खोकला महिनोन्‌महिने हटत नव्हता. ग्रुपनं त्यांना आलं, ज्येष्ठमध, अडुळसा, सगळं पाजून झालं. मी बिलं पाहायचो त्यात एक गोष्ट माझ्या लक्षात आली होती. रक्तदाबाची एक विशिष्ट गोळी सुरू झाली की पुढच्या बिलात खोकल्याचं औषध यायचं, मग गोळी बदलायची आणि खोकल्याचं औषध बंद व्हायचं. हे मी पन्नासेक फायलींत पाहिलं असेल. मी आजोबांना लिहिलं, "बीपीची गोळी कोणती घेता? कधी कधी तिच्यानंही खोकला येतो. तुमच्या डॉक्टरांना विचारून पाहा." त्यांनी विचारलं. गोळी बदलली. खोकला गेला.

त्यांची हजेरी आली: "गाझियाबादचे डॉक्टर, मानलं तुम्हाला! इतके दिवस बोलला नाहीत."

त्या दिवसापासून मी गाझियाबादचे डॉक्टर. आणि आजोबांनी आडनाव पुन्हा कधीच विचारलं नाही. डॉक्टरला आडनाव लागत नाही, हे मला त्या दिवशी कळलं. एका ओळीत खुलासा करता आला असता. मी ती ओळ टाइपही केली होती. मग खोडली. आडनावाचं हे कारण खरं आहे, पण सबब म्हणून ते पुरणार नाही. साहेब म्हणवून घ्यायला बरं वाटत होतं, हेही तितकंच खरं. ऑफिसात मला "अरे भाई, सुनो" म्हणायचे.

एकदा घरी फोन आला. बायकोनं उचलला. "डॉक्टर? कुठले डॉक्टर?" मग फोनवर हात ठेवून माझ्याकडे पाहत राहिली. "अहो, तुमचा पेशंट आहे. जुलाब होताहेत म्हणे." मी फोन घेतला आणि साखर-मिठाचं पाणी सांगितलं. पुढं आठवडाभर तिनं मला सोडलं नाही. "डॉक्टरसाहेब, जरा सिलिंडर तपासता का? फार फुसफुसतोय." तिला वाटलं, ग्रुपनं थट्टेत नाव पाडलंय. मी तिला तसंच वाटू दिलं.

मी काही भलतंसलतं सांगत नव्हतो, असं तेव्हा स्वतःला सांगायचो. वाफ घ्या, ताक प्या, उशी बदला. कोणतीही आई सांगते तेवढंच. फरक एवढाच की आईचं ऐकलं नाही तरी चालतं.

काकूंची बोटं गेली त्या हिवाळ्याच्या आधी, दिवाळीच्या सुमाराला, काकूंची एक हजेरी आली होती. मला ती अजून पाठ आहे. "आज फजिती. खाली भाजी घ्यायला गेले, परत येऊन पाहते तर एका पायात चप्पलच नाही. वाटेत कुठं निसटली, कळलंच नाही! वॉचमननं आणून दिली. म्हणाला, माताजी सिंड्रेला."

सगळा ग्रुप हसला. नोएडावाल्यांनी राजपुत्र शोधायची जाहिरात लिहिली. मीही लिहिलं, "काकू, वॉचमनचं वय काय?"

पायातली चप्पल निसटते आणि पायाला कळत नाही. साखरेच्या आजाराची बिलं मी ढिगानं पाहत होतो. त्यांच्याबरोबरचे डॉक्टरांचे कागद वाचत होतो, त्यांत पायांचा बधिरपणा किती वेळा लिहिलेला असायचा. खोकल्याचं मला दिसलं होतं आणि हे दिसलं नाही. कारण हे विनोदात आलं.

संक्रांतीला ग्रुपचं पहिलं संमेलन ठरलं. लोधी बागेत, दुपारी, उन्हात. दिल्लीत जानेवारीच्या उन्हाला कशाचीच सर नाही. सतरंज्या पसरल्या. तिळगूळ होता, त्याच्या शेजारी इथली तिळाची गजक, शेंगा, मीठ लावलेले पेरू. ज्यांची दुखणी तोंडपाठ, त्यांचे चेहरे पहिल्यांदा दिसत होते. "तुम्ही कंबर ना?" "नाही, मी टाच. कंबर त्या, निळ्या शालवाल्या." असं चाललं होतं.

आणि मी आल्याबरोबर माझ्याभोवती ओपीडी भरली. कुणी जीभ काढून दाखवली. आजोबांनी मिठीच मारली, "हे आमचे डॉक्टर!" बायको ताप आलेल्या मुलीला घेऊन घरी होती, एवढंच माझं नशीब. नोएडावाले ओरडले, "अहो, डॉक्टरांना तिळगूळ तरी खाऊ द्या, मग गोड बोलतील."

काकू शेवटी आल्या. मला वाटलं होतं तशा त्या नव्हत्या. बारीक, ताठ, पांढरे केस, पायांत मुलाचे लोकरी मोजे. शेजारी बसल्या आणि म्हणाल्या, "डॉक्टर, जरा चोरून पाहा. मुलाला सांगितलं तर लगेच मोठ्या हॉस्पिटलात नेऊन टाकेल, आणि सुनेची रजा जाईल." त्यांनी डावा मोजा काढला. बोटं लालसर-निळी, सुजलेली.

हे मला ओळखीचं होतं. दिल्लीतल्या पहिल्या थंडीत माझी बोटं अशीच सुजली होती, रात्रभर खाजायची. तेव्हा ऑफिसातले एक पंजाबी सहकारी म्हणाले होते, "ओए, शलगम उबाल ले. उसी पानी में पैर डाल के बैठ. जितना गरम सह सके, उतना गरम." शलगम म्हणजे सलगम, मुळ्याच्या जातीचा गोल कंद. मी केलं होतं आणि चार दिवसांत बरा झालो होतो.

मी काकूंना म्हणालो, "थंडीनं झालंय. दक्षिणेकडच्या माणसांना इथं होतंच. सलगम उकळा, त्या पाण्यात पाय बुडवून बसा. सोसेल तितकं गरम घ्या."

"सोसेल तितकं?"

"सोसेल तितकं."

"मग होईलच बरं. मला सोसायची सवय आहे," त्या म्हणाल्या आणि मोजा चढवला.

त्या पायाला सोसण्यासारखं काही जाणवतच नव्हतं. चुलीवरून उतरवलेलं पाणीही त्याला कोमट लागलं असतं.

दोन-तीन दिवसांनी हजेरी: "सलगमचा प्रयोग चालू. सूनबाई विचारते, रोज सलगम का आणता, भाजी तर दिसत नाही. बोटांना फोड आलेत. पण दुखत नाहीत मुळीच. डॉक्टर?"

मी ऑफिसात होतो. जेवणाची सुट्टी संपत आली होती. मी लिहिलं, "दुखत नाही म्हणजे बरं होतंय. चालू ठेवा."

मग काकूंची हजेरी थांबली. पहिल्यांदा वाटलं, लाइट नसेल. मग वाटलं, मशीन बिघडलं असेल. ग्रुपवर सगळे विचारत होते आणि मी सोडून सगळे मोकळेपणानं विचारत होते. शेवटी त्यांच्या मुलाचं इंग्रजीत पत्र आलं. आई हॉस्पिटलात आहे. साखर खूप वाढलेली निघाली, कुणालाच कल्पना नव्हती. पायाची जखम चिघळली, दोन बोटं काढावी लागली. बाकी पाय वाचला. आईनं सांगितलंय की डॉक्टरसाहेबांना जरूर कळवा.

नोएडावाल्यांनी नवी गाडी घेतली होती. तिच्यातून आम्ही दोघं गेलो. वाटेत ते गाडीबद्दल बोलत होते, मी हूं हूं करत होतो. मी मनात वाक्य जुळवत होतो. काकू, मी डॉक्टर नाही. बस, एवढंच. गुडगावपर्यंत मी ते इतक्या वेळा म्हटलं की त्याचा अर्थ निघून गेला.

आम्ही खोलीत गेलो तेव्हा तिथला तरुण डॉक्टर पट्टी पाहत होता. मुलगा उशाशी उभा. डॉक्टर वैतागलेला होता. "माताजी, एक बात बताइए. ये गरम पानी में पैर डालने को आपको बोला किसने था? शुगर के पेशंट को?"

काकूंनी माझ्याकडे पाहिलं. अगदी नीट पाहिलं. मग त्या त्यांच्या सांगलीच्या हिंदीत म्हणाल्या, "किसने नहीं बोला. मेरीच अक्कल."

"ऐसी अक्कल मत लगाया कीजिए."

"नहीं लगाएगी," काकू म्हणाल्या, आणि नोएडावाल्यांना हसू आलं. मला मात्र नाही.

डॉक्टर गेला. मुलगा नोएडावाल्यांना घेऊन चहाला गेला. खोलीत आम्ही दोघंच. मी खुर्ची पुढं ओढली. वाक्य तोंडात होतं. म्हणालो, "काकू, मला एक सांगायचंय..."

त्यांनी हात वर केला. "काही सांगू नका. मला ठाऊक आहे तुम्ही काय म्हणणार. डॉक्टरच्या हातून चूक होते, तो काय देव आहे? पण डॉक्टर माणसाचं नाव एकदा गेलं की गेलं. तुमचं वय लहान आहे, घरात मूल लहान आहे. मी बोलले नाही, तुम्हीही बोलू नका." मग थोडं थांबून, "दोनच गेली. आठ आहेत अजून. जोडवी घालायची आता तशीही नाहीत."

मी टेबलावरचं संत्रं उचललं. नसलेल्या डॉक्टरचं नाव त्यांनी सांभाळलं होतं आणि वर मलाच धीर देत होत्या. खरं सांगायला त्याहून सोपी वेळ पुन्हा येणार नव्हती, आणि त्याहून अवघडही. चहा घेऊन ते दोघं परत आले तेव्हा मी काकूंना संत्रं सोलून देत होतो. साखर होती म्हणून त्यांनी एकच फोड खाल्ली.

"तुम्हीही बोलू नका" हे त्यांचं वाक्य मी पुढं वर्षानुवर्षं वापरलं. त्यांनीच शपथ घातली म्हणून आपण गप्प आहोत, असं. मनाला कुठलंही वाक्य चालतं.

घरी बायकोला एवढंच सांगितलं की ग्रुपच्या एका काकूंचं ऑपरेशन झालं. तिनं विचारलं, "कसलं?" मी म्हणालो, "पायाचं." तिनं त्यांच्यासाठी बिनसाखरेचे लाडू पाठवले, मेथीचे. काकूंनी हजेरीत लिहिलं, "डॉक्टरीणबाईंच्या हाताला चव आहे." तोही मेल मी घरी वाचून दाखवला नाही.

त्यानंतर मी कुणाला काही सांगितलं नाही. ज्यानं विचारलं त्याला एकच उत्तर: तपासून घ्या. खाजलं, तपासून घ्या. शिंक आली, तपासून घ्या. आजोबांनी टोमणा मारला, "डॉक्टर आता मोठे झाले, फुकट बोलत नाहीत." पण पदवी कुणी काढून घेतली नाही. उलट, इतक्या जपून बोलतात म्हणजे खरेच डॉक्टर, अशी खात्री वाढली असावी.

ई-मेलचा तो ग्रुप हळूहळू थंडावला. लोक बदलीवर गेले, आजोबा वारले, नोएडावाले परदेशात गेले. पुढं मोबाइलवर तोच ग्रुप पुन्हा जमला, उरलेल्या दहाबारा जणांचा. आता मराठी अक्षरांत. काकू मुलाबरोबर पुण्याला राहतात. ऐंशी केव्हाच ओलांडली. बोलून टाइप करायचं नातवानं शिकवलंय, त्यामुळे त्यांच्या हजेरीत मध्येच "अगं गॅस बंद कर" असंही येतं. मीही पन्नाशी ओलांडली. आता मलाही साखरेचा आजार आहे. रोज पाय पाहतो, बोटांच्या मधेही.

गेल्या आठवड्यात त्यांची हजेरी आली. "हवा छान. डब्यात आता काही नाही, डबाच नाही. डॉक्टर, उजव्या टाचेला भेग पडली आहे. दुखत नाही."

दुखत नाही. मी ते वाचलं आणि ग्रुपवर काही न लिहिता सरळ त्यांच्या मुलाला फोन लावला. म्हणालो, "आत्ता घेऊन जा. संध्याकाळी नको, आत्ता." तो गेला. भेग वरवरचीच होती, साफ करून पट्टी बांधली. वेळेवर आणलंत, म्हणाले तिथले डॉक्टर.

दुसऱ्या दिवशी काकूंनी सगळ्या ग्रुपला सांगितलं, "बघा, इतक्या लांबून नुसत्या एका ओळीवरून ओळखलं. असे डॉक्टर आता मिळत नाहीत." खाली सगळ्यांचे हात जोडलेले. बायकोही आता त्या ग्रुपवर आहे. तिनं फोन माझ्यापुढं धरला आणि म्हणाली, "अहो, हे लोक खरंच समजतात की काय तुम्हाला डॉक्टर?"

मी म्हणालो, "हो."

ती हसायला लागली, मग माझ्या तोंडाकडे पाहून थांबली. तिला मी अजून पुढचं सांगितलेलं नाही. हे लिहून झाल्यावर तिच्या हातात देणार आहे.

काकूंना मात्र कागद चालणार नाही. पुण्याचं तिकीट काढलं आहे. त्यांच्यासमोर बसून मी त्यांना दोन वाक्यं देणं लागतो: मी कधीच डॉक्टर नव्हतो, आणि तुमची बोटं माझ्या खोटेपणानं गेली, चुकीनं नव्हे. ती अजून दिलेली नाहीत.